मनगटाखाली

मास्तरीणबाईंनी मिठाच्या पाण्यात बुडवलेला स्पंज उचलला, पिळला, आणि जरा जास्तच पिळला गेला असं वाटून पुन्हा बुडवला. मास्तर खुर्चीत डोळे मिटून बसले होते. त्यांच्या डोक्याला रबरी पट्टा आवळलेला होता आणि पट्ट्यातून निघालेल्या दोन वायरी, एक लाल आणि एक काळी, कानामागून खाली उतरल्या होत्या.

“अगं, स्पंज आहे तो. चादर पिळल्यासारखा काय पिळतेस?”

“पाणी मानेवर ओघळलं की तुम्हीच ओरडाल.”

“नाही ओरडणार. तोंड अजून अर्धंच उघडतंय माझं.”

तोंड चांगलं सताड उघडत होतं. अर्धांगाच्या झटक्यानंतर बोलणं पहिल्या महिन्यातच परत आलं होतं, आणि आलं होतं ते व्याजासकट. उजवा पाय थोडा ओढत का होईना, पण चालू लागला होता. परत यायचा राहिला होता तो उजवा हात, आणि मास्तरांचं सगळं त्या एका हातावर होतं.

मास्तर केकवर नावं लिहायचे. बेकरी दोघा भावांची. भट्टी, पाव, बिस्किटं, नोकरमाणसं हे सगळं धाकट्याकडे. मास्तरांकडे एक संगमरवरी टेबल, त्यावर केक ठेवायचा फिरता पाट, आणि क्रीम भरलेला कोन. बाई काउंटरवर बसायच्या, गिऱ्हाइकाने सांगितलेलं नाव आत ओरडायच्या, आणि थोड्या वेळाने ते नाव केकवर चढून बाहेर यायचं. नावाखाली एक रेघ असायची. डावीकडून उजवीकडे, एका श्वासात, मध्ये किंचित खाली झुकलेली आणि शेवटाला बारीक गाठ मारलेली. मुलं वाढदिवसाला त्या रेघेवरून सुरी फिरवू द्यायची नाहीत. बेकरीतले लोक त्यांना मास्तर म्हणत ते त्या अक्षरामुळे, आणि बाई मग ओघानेच मास्तरीणबाई झाल्या होत्या.

गेले कित्येक महिने धाकटा भाऊच नावं लिहीत होता. त्याने लिहिलेलं नाव पाहून एका गिऱ्हाइकाने, केकवरून गोगलगाय गेली का, असं विचारलं होतं. साखरेच्या पातळ कागदावर नावं आणि फोटो छापणारं एक मशीन त्याने पाहून ठेवलं होतं. ते बसणार होतं मास्तरांच्या टेबलाच्या जागी, कारण दुसरीकडे कुठे जागाच नव्हती. पण भावजी मनाने सरळ माणूस. दादाचा कोर्स संपेपर्यंत टेबलाला हात लावणार नाही, असं ते स्वतःहून बाईंना सांगून गेले होते.

कोर्स म्हणजे हेच. स्पंज, पट्टा आणि तळहातावर मावेल एवढा डबा. बटण दाबलं की त्यातून इतका मंद करंट निघायचा की मास्तर म्हणायचे, डोक्यावर मुंगी चालतेय आणि तीही आजारी आहे. दवाखान्यात पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं होतं, हा करंट हातापर्यंत पोचणार कधी? थेरपिस्ट हसली होती. लेकीच्या वयाची, दोघांनाही काका-काकू म्हणणारी.

“काका, करंट हात हलवत नाही. डोक्यातला जो भाग हात चालवतो, त्याला तो नुसता जागं करतो. हात हलवायचा तुम्हीच. पण त्या वीस मिनिटांत हात जे काही करेल, ते डोकं एरवीपेक्षा लवकर उचलतं.”

मग ती बाईंकडे वळली होती. “काकू, घरी मशीन तुम्ही लावणार, म्हणून तुम्हाला सांगते. डोकं चांगलं उचलतं तसं चुकीचंही उचलतं. तेव्हा मध्ये हात घालायचा नाही. सांडू दे, वाकडं होऊ दे. सगळं त्यांचं त्यांनीच करायचं.”

बाईंनी मान डोलावली होती. त्यात अवघड असं काही त्यांना तेव्हा वाटलं नव्हतं.

आज मशीन पहिल्यांदाच घरी लागत होतं. बाईंनी स्पंज पट्ट्याखाली सारले, बटण दाबलं आणि मास्तरांच्या उजव्या बाजूला स्टूल ओढून बसल्या. टेबलावर बेकरीतला मोठा ट्रे उपडा घातला होता. कोनात क्रीमऐवजी मैद्याची घट्ट खळ भरली होती. मास्तरांनी डाव्या हाताने उजवा उचलून टेबलावर ठेवला, त्यात कोन दिला आणि सवयीप्रमाणे मनगटावर ओला रुमाल टाकला. नोझल पुसायला तो त्यांना कायम तिथेच लागायचा.

“चढली मुंगी,” ते म्हणाले.

दवाखान्यातल्या सरावाने बोटं आता मिटत होती, कोन दाबतही होती. मनगट मात्र वर राहत नव्हतं. नोझल ट्रेवर टेकलं, खळ बाहेर आली, अक्षराचा पहिला फराटा निघाला आणि हात तसाच बसत गेला. फराट्याचा गोळा झाला. मास्तरांनी डाव्या हाताने ट्रे पुसला आणि पुन्हा सुरुवात केली. पुन्हा गोळा झाला. पुन्हा पुसला. ते काहीच बोलत नव्हते. मास्तर गप्प बसलेत असं बाईंच्या संसारात फार क्वचित झालं होतं आणि त्यांना ते ऐकवत नव्हतं.

“अगं, टीव्ही लाव ना जरा,” मास्तर म्हणाले.

त्यांना टीव्ही नको होता. बाईंनी बघायला नको होतं. बाई उठल्या, टीव्ही लावला आणि पुन्हा येऊन बसल्या. मास्तरांचा हात ट्रेवर गेला, फराटा निघाला, मनगट खचायला लागलं, आणि बाईंची दोन बोटं रुमालाखाली सरकून त्या मनगटाला टेकली. ठरवून नाही. रांगतं पोर पलंगाच्या कडेला गेलं की आपला हात पुढे होतो, तशी ती गेली.

मास्तरांना कळलं नाही. त्या हाताला वरवरचा स्पर्श कळतच नव्हता. दवाखान्यात थेरपिस्टने मनगटावरून कापूस फिरवून झाल्यावर त्यांनी, “हं, सुरू करा,” असं म्हटलं होतं. आणि लिहिताना त्यांची नजर नोझलच्या टोकावर असायची, ती भूकंप झाला तरी हलली नसती. वर रुमाल होताच.

अक्षर उमटलं. जरा फेंगडं, पण अक्षर.

मास्तरांनी अक्षराकडे पाहिलं. मग त्या डब्याकडे पाहिलं.

“च्यायला,” ते म्हणाले. “चालतंय की हे.”

बाईंनी बोटं काढून पदराला पुसली. उद्यापासून नाही लावायची, त्यांनी मनाशी म्हटलं. आज पहिला दिवस आहे, आज राहू दे.

दुसऱ्या दिवशी मास्तर दुपारपासूनच घड्याळाकडे बघत बसले. संध्याकाळी त्यांनी स्वतःच मिठाचं पाणी करायला घेतलं आणि मीठ सांडून ठेवलं. ट्रेसमोर बसताना त्यांच्या चेहऱ्यावर जे काही होतं, ते बाईंनी झटक्यानंतर पहिल्यांदा पाहिलं. त्या चेहऱ्यासमोर गोळा होऊ देणं त्यांच्याच्याने झालं नाही. बोटं गेली.

मग ती रोजच जाऊ लागली. एकही संध्याकाळ चुकली नाही. मास्तरांनी त्या डब्याला ‘हेडमास्तर’ नाव ठेवलं, कारण घरात आपल्या वरचा तेवढा एकच, असं त्यांचं म्हणणं होतं. हेडमास्तरांची बॅटरी भरली का, हेडमास्तरांना थंडी तर वाजत नाही ना, अशी चौकशी सुरू झाली. अक्षरं सुधारत गेली. शेजाऱ्यापाजाऱ्यांची नावं झाली, जुन्या गिऱ्हाइकांची झाली, आणि एका संध्याकाळी त्यांनी ट्रेवर एक सणसणीत शिवी सुंदर वळणात लिहून काढली आणि स्वतःशीच हसत बसले. घरात कोणीतरी परत आल्यासारखं झालं होतं. बाईंना त्याचं इतकं बरं वाटायचं की रात्री अंथरुणावर पडल्यावर त्याचीच भीती वाटायची.

कधीकधी त्यांच्या बोटांना वाटायचं, आज वजन कमी आहे. आज मनगट स्वतःहून तरंगतंय. त्या हळूच बोटं खाली घ्यायच्या, आणि मनगट बोटांच्या मागोमाग खाली यायचं.

भावजी एकदा संध्याकाळचा पाव घेऊन आले तेव्हा मशीन नुकतंच काढलं होतं. ट्रेवर त्यांचंच टोपणनाव लिहिलेलं होतं, लहानपणी घरात चिडवायचे ते. भावजी पावाची पिशवी हातात धरूनच वाचत उभे राहिले.

“दादा, हे तू लिहिलंस?”

“नाही, गोगलगायीने.”

भावजी हसले आणि हसता हसता त्यांनी बाहीने डोळे पुसले. “आणि रेघ?”

“रेघ एवढ्यात नाही. आधी अक्षर बसू दे. रेघ शेवटी.”

“मग मी त्या मशीनवाल्याला नको म्हणून सांगतो. आणि ऐक, दाताच्या डॉक्टरीणबाई विचारत होत्या. त्यांच्या आईचा केक आहे, दर वर्षीचा. तुझा कोर्स संपतो ना, त्याच दिवशी आहे. मी सांगतो, दादाच लिहील.”

“सांग,” मास्तर म्हणाले.

बाई भावजींना सोडायला जिन्यापर्यंत गेल्या.

“भावजी, इतक्यात कोणाला हो म्हणू नका ना.”

“का हो वहिनी?”

“म्हणजे... हात अजून कच्चा आहे. दुकानात सगळ्यांसमोर...”

“तुम्हीच असं म्हणायला लागलात तर त्याने काय करायचं?” भावजी प्रेमानेच म्हणाले. “इतकं केलंत त्याच्यासाठी. आता जरा विश्वास ठेवा.”

ते जिना उतरून गेले. बाई कठड्याला धरून उभ्या राहिल्या. सांगायचं ते तोंडापर्यंत आलं होतं, पण ते कोणत्या शब्दांत सांगायचं हेच त्यांना कळेना. मी दोन बोटं लावते, एवढंच तर होतं. बोलायला गेलं तर काहीच नाही असं वाटत होतं आणि न बोलावं तर छातीवर दगड.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मन घट्ट केलं. मशीन सुरू झालं, मास्तरांनी कोन उचलला, आणि बाईंनी आपले दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले. हात ट्रेपर्यंत गेला. मनगट खचलं. गोळा झाला.

मास्तरांनी ट्रे पुसला. पुन्हा लिहिलं. पुन्हा गोळा. त्यांच्या कपाळावर घाम आला. त्यांनी डाव्या हाताने पट्टा चाचपला.

“अगं, स्पंज कोरडा आहे बघ. मुंगी लागतच नाहीये आज.”

बाईंनी स्पंजाला हात लावला. तो चिंब ओला होता.

“हो की,” त्या म्हणाल्या. “सुकलाय.”

त्यांनी स्पंज काढला, वाटीत बुडवला आणि परत लावला. स्टुलावर येऊन बसल्या आणि दोन बोटं रुमालाखाली घातली.

“हां,” मास्तर लिहिता लिहिता म्हणाले. “आता कसं. जरा लक्ष देत जा गं.”

त्यानंतर बोटं काढून पाहायचं बाईंचं धैर्य झालं नाही. आता बोटं काढली तर स्पंजाची लबाडीही बाहेर येणार होती. एक झाकायला दुसरं, दुसरं झाकायला तिसरं, आणि मास्तर मात्र दिवसेंदिवस खुलत चालले होते.

दर आठवड्याला दवाखान्यात जावं लागे. तिथे थेरपिस्ट मास्तरांकडून मूठ मिटवून घ्यायची, भोकांच्या पाटीतल्या लाकडी खुंट्या उचलून घ्यायची, आणि मोबाईलमध्ये काढून आणलेले घरच्या ट्रेचे फोटो बघून खूश व्हायची. इथल्या खुंट्यांपेक्षा घरचं अक्षर फार पुढे आहे, याचं तिला नवल वाटायचं. हाताला आपलं जुनं काम ओळखीचं असतं, असं ती म्हणायची. एकदा मास्तर आत बूट घालत होते तेव्हा बाईंनी तिला बाहेर गाठलं.

“समजा हं, एखाद्या पेशंटला घरचं कोणी थोडा आधार देत असेल लिहिताना. अगदी थोडा. तर?”

“नाही द्यायचा, काकू.”

“नाहीच. पण समजा कोणी दिला.”

थेरपिस्ट हातातली वायर गुंडाळत होती. “मग हात आधारासकटच शिकतो. त्याला वाटतं तो आधारही आपलाच भाग आहे. आधार काढला की त्याला सुरुवातच कुठून करायची ते कळत नाही.”

“मग ते पुसून पुन्हा नाही का करता येत? मशीन लावून?”

“मशीन एका पेशंटला एकदाच मिळतं. मागे केवढी रांग आहे.” तिने वर पाहिलं. “का हो काकू?”

आतून मास्तर आले. एका हाताने बांधलेली बुटाची नाडी त्यांनी पाय पुढे करून दोघींना दाखवली. थेरपिस्टने टाळ्या वाजवल्या. बाई म्हणाल्या, “काही नाही, सहज विचारलं.”

शेवटचा दिवस आला. मशीन परत न्यायला थेरपिस्ट स्वतःच बेकरीत येणार होती. काकांना खऱ्या केकवर लिहिताना बघायचंय, असं तिने फोनवर सांगितलं होतं. मास्तर सकाळी उठून दाढी करून तयार झाले. बाई त्यांच्या शर्टाची बटणं लावत होत्या.

“अहो, एक सांगायचं होतं.”

“संध्याकाळी सांग.”

“आत्ताच सांगायला हवं.”

“अगं, आज माझ्या डोक्यात फक्त ती रेघ आहे. दुसरं काही घातलंस तर रेघ बाहेर पडेल. संध्याकाळी सांग, शांतपणे ऐकतो.” आणि त्यांनी डाव्या हाताने बाईंच्या गालावर हलकेच थापटलं. असं त्यांनी बऱ्याच वर्षांत केलं नव्हतं. बाईंनी शेवटचं बटण लावलं आणि त्या चपला घालायला गेल्या.

बेकरीच्या मागच्या खोलीत संगमरवरी टेबल धुऊन पुसून ठेवलं होतं. भट्टीवरचा माणूस, पाव कापणारी बाई, दोघंही कामं टाकून दाराशी येऊन उभी राहिली होती. फिरत्या पाटावर पांढरा शुभ्र केक होता. बाहेर काउंटरवर दाताच्या डॉक्टरीणबाई थांबल्या होत्या. त्यांना केकवर एवढंच हवं होतं, ‘आई’. दर वर्षी तेवढंच असायचं.

मास्तर टेबलाशी बसले. भावजींनी कोन भरून दिला. थेरपिस्ट परत घेतलेलं मशीन मांडीवर घेऊन कोपऱ्यातल्या स्टुलावर बसली होती.

“आज हेडमास्तर नाहीत,” मास्तर म्हणाले. “आज वार्षिक परीक्षा.”

सगळे हसले. बाई सवयीने त्यांच्या उजव्या बाजूला जाऊन उभ्या राहिल्या. काय करणार होत्या, कसं करणार होत्या, त्यांनाही ठाऊक नव्हतं, पण निदान त्या बाजूला तरी असावं.

“इथे नको,” मास्तर म्हणाले. “समोर ये. टेबलाच्या पलीकडे.”

“मी इथेच बरी आहे.”

“ये तर. जन्मभर काउंटरवरून नावं ओरडलीस, केकवर लिहिताना कधी पाहिलंयस? आज समोरून बघ.”

“जा ना वहिनी,” भावजी म्हणाले, आणि त्यांनी बाजूला होऊन वाट करून दिली. बाई टेबलाला वळसा घालून पलीकडे जाऊन उभ्या राहिल्या.

मास्तरांनी मनगटावर रुमाल टाकला. कोन धरला. श्वास घेतला. हात उचलला गेला, केकवर आला आणि क्रीमपासून बोटभर अंतरावर थांबला. थरथरला नाही की पडला नाही. दार उघडायची वाट बघत उंबऱ्यात उभं राहावं तसा नुसता थांबला.

मग हळूहळू मनगट खचलं आणि नोझल केकमध्ये रुतलं.

“पहिलंच आहे, दादा,” भावजी म्हणाले. त्यांनी चपट्या सुरीने तेवढा भाग सारखा केला. “कर पुन्हा.”

मास्तरांनी नोझल रुमालाला पुसलं. हात पुन्हा उचलला, पुन्हा केकवर आणला. तो पुन्हा तिथेच थांबला.

“काका, तिथे का थांबताय?” थेरपिस्टने विचारलं. “लिहायला लागा.”

“मी नाही थांबत,” मास्तर म्हणाले. “हात थांबतोय.”

ते नोझलच्या टोकाकडे रोखून बघत होते. घामाचा थेंब भुवईवरून खाली आला. मग त्यांनी मान वर केली. लिहिताना कधीच वर न होणारी नजर वर झाली आणि समोर बाईंवर गेली.

बाईंचा उजवा हात टेबलावर पुढे आलेला होता. तळवा वर, दोन बोटं जरा वाकलेली, जुळवलेली, कशाला तरी खालून धरल्यासारखी. त्या बोटांवर काहीच नव्हतं. बाईंना स्वतःला त्याचा पत्ता नव्हता. त्यांची नजर मास्तरांच्या मनगटावर होती, आणि मास्तरांचं मनगट खचू लागलं तशी त्यांची बोटं हवेत वर उचलली जात होती.

मास्तर त्या बोटांकडे बघत राहिले. मग त्यांनी कोन खाली ठेवला. डाव्या हाताने मनगटावरचा रुमाल उचलला. खाली नुसतं मनगट होतं. बाईंना आपला हात तेव्हा दिसला. त्यांनी तो झटकन मागे घेतला, पण आता त्याचा काही उपयोग नव्हता.

कोपऱ्यात थेरपिस्टने मान खाली घातली आणि आधीच गुंडाळलेली वायर सोडून ती पुन्हा गुंडाळायला लागली.

“काय झालं?” भावजींनी विचारलं. त्यांना काही कळलं नव्हतं. “दादा? बरं वाटत नाही का?”

“मला काय धाड भरलीय,” मास्तर म्हणाले. “तू लिही.”

“मी?”

“डॉक्टरीणबाई खोळंबल्यात. दोन अक्षरं तर आहेत. तुझी गोगलगाय आज चालेल.”

भावजींनी कोन घेतला. दाराशी उभे असलेले हळूच आपापल्या कामाला निघून गेले. ‘आई’ लिहून झालं, वाकडंच झालं. भावजी केक उचलून बाहेर जायला निघाले तेव्हा मास्तर मागून म्हणाले, “आणि ते छपाईचं मशीन सांगून टाक त्या माणसाला. हे टेबल काढलं की बसेल बरोबर.”

“दादा, एवढी घाई कशाला?”

“सांगून टाक.”

थेरपिस्ट उठली. जाताना ती बाईंपाशी थांबली. “काकू, मशीनशिवायही करता येतं,” ती हळू आवाजात म्हणाली. “आधार थोडा थोडा कमी करत जायचा. वेळ लागेल फक्त.”

“किती?”

तिने बाईंच्या दंडावर हात ठेवला, तो काढला, आणि पिशवी खांद्याला लावून ती गेली.

खोलीत दोघंच उरली. पलीकडून पाव कापायच्या मशीनचा आवाज येत होता. मास्तर कोनात उरलेलं क्रीम डाव्या हाताने वाटीत दाबून काढत होते. बाईंना वाटलं, आता हे ओरडतील. त्यांनी ओरडावं, असं बाईंना फार वाटत होतं.

“रोज?” मास्तरांनी विचारलं.

“हो.”

“पहिल्या दिवसापासून?”

“पहिल्याच दिवसापासून. तुम्ही सारखा ट्रे पुसत होतात. मला बघवेना हो.”

मास्तरांनी मान हलवली. वाटीत क्रीमचा शेवटचा लोळ पडला. ते उजव्या हाताकडे बघत नव्हते. तो टेबलावर जिथे ठेवला होता तिथेच पडून होता. एवढ्या दिवसांतली एकूण एक अक्षरं त्यांच्या डोक्यात एकेक करून पुसली जात असणार, हे बाईंना समोर दिसत होतं, आणि ते थांबवायला त्यांच्याकडे काही नव्हतं.

“एक दिवस बोटं नव्हती लावली,” त्या म्हणाल्या.

असं का म्हणाल्या ते त्यांनाही कळलं नाही. असा एकही दिवस नव्हता.

मास्तरांनी वर पाहिलं. “कधी?”

“शेजारणीचा फोन आला होता बघा एकदा. मी गॅलरीत गेले होते बोलत. आत आले तर तुमचं लिहून झालं होतं. तुम्ही एकट्यानेच लिहिलं होतंत.”

“काय लिहिलं होतं?”

बाईंनी तोंड उघडलं. एवढी नावं, एवढे शब्द रोज त्या ट्रेवर पाहिले होते, आता एकही आठवेना. त्या मास्तरांच्या तोंडाकडे बघत राहिल्या. मास्तर वाट बघत होते. पावाचं मशीन थांबलं.

“‘शुभेच्छा’ असेल,” मास्तर म्हणाले. “मला वाटतं तेच. शेवटचं जोडाक्षर जरा जड गेलं होतं त्या दिवशी.”

“हो,” बाई म्हणाल्या. “तेच. ‘शुभेच्छा’.”

“चांगलं आलं होतं?”

“चांगलं म्हणजे काय, सुरेख आलं होतं. खाली रेघसुद्धा मारली होतीत.”

मास्तरांनी नकारार्थी मान हलवली.

“रेघ नव्हती,” ते म्हणाले. “रेघ जमली असती तर मी तुला हाक मारून गॅलरीतून आत बोलावलं असतं.”

“हो, खरंच,” बाई म्हणाल्या. “रेघ नव्हती.”

मास्तरांनी रिकामा कोन त्यांच्या हातात दिला, आणि बाई तो धुवायला नळाकडे गेल्या.